मुठीतली ओल

आमच्या इमारतीतले काका मूठ उघडून दाखवायचे. आत ओल्या लाल मातीचा मुटका असायचा, त्यावर चारही बोटांचे ठसे उमटलेले. मग ती मूठ पुन्हा घट्ट आवळून ते समोरच्याच्या बुटांवर धरायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. थेंब पडायचा नाही.

"पाणी नको रे, ओल हवी," ते म्हणायचे.

आमच्या सोसायटीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. दूध टाकणाऱ्यानेही ते ऐकलं होतं. एकदा काका आमच्याकडे चहाला आले असताना माझी बायको कणीक भिजवत होती, तर परातीत डोकावून त्यांनी तिलाही ते सांगितलं. तिने कणकेचा गोळा सरळ त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, दाबून बघा. काकांनी खरंच दाबून बघितला, मान डोलावली आणि त्या दिवसापासून ती त्यांची 'बाय' झाली. मालवणकडच्या माणसाने एखादीला बाय म्हटलं की तिला मुलीच्या जागी मानलं असं समजायचं. मला मात्र ते कायम 'रे' म्हणूनच हाक मारत राहिले.

आमची सोसायटी मुलुंडची म्हणवते, पण खरं तर नाहूर स्टेशन जास्त जवळ. इमारतीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीला लागून जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. बिल्डरने नकाशात तिला उद्यान म्हटलं होतं. प्रत्यक्षात तिथे तुटक्या फरशा, एक गंजलेली सायकल आणि मांजरं असायची. काका एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झाले, त्याच वर्षी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. दुपारी घरात बसवेना म्हणून ते खाली उतरले आणि ती पट्टी त्यांनी साफ करायला घेतली. वर्षभरात तिथे लिंबू, जास्वंद, घाणेरी, एक्झोरा असं काय काय उभं राहिलं. पण त्यांचा खरा जीव होता तो लिंबाखालच्या मातीच्या एका पसरट थाळीत.

तुम्ही म्हणाल, फुलपाखरांसाठी फुलं लावतात, माती कसली वाढतात? मीही तेच म्हणालो होतो. तेव्हा काकांनी मला उकिडवं बसवून समजावलं होतं. फुलांतून साखर मिळते, मीठ मिळत नाही. म्हणून फुलपाखरं ओल्या मातीवर बसून सोंडेने क्षार ओढून घेतात. उघड्या पाण्यावर त्यांना बसता येत नाही, पाय टेकायला जागा लागते. थाळीत गावाकडची लाल माती, थोडी वाळू, चिमूटभर खडेमीठ, चुलीतली राख आणि कडेला काळं पडलेलं अर्धं केळं. मधमाश्याही यायच्या, त्यांना बसायला चार खडे. रोज सकाळी बोटांनी पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

एकदा त्यांनी कोलंबी धुतलेलं पाणी शिंपडलं. दुपारपर्यंत थाळीवर फुलपाखरांची दाटी झाली आणि पहिल्या मजल्यावरच्या शाकाहारी मंडळींनी खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी सेक्रेटरी खाली आले. काकांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता हे समुद्री खत असल्याचं सांगितलं. सेक्रेटरींनी विश्वास ठेवला नाही, पण नाक दाबून ते वर निघून गेले. पुन्हा कोलंबी मात्र आली नाही.

थाळीवर बसतात ते बहुतेक नर असतात, हे काकांना फार आवडायचं. रविवारी सकाळी पिवळी छोटी फुलपाखरं पंख मिटून दाटीवाटीने बसली की ते मला खिडकीतून खाली बोलवायचे. हा बाप्यांचा अड्डा आहे, बघ, म्हणायचे. नर क्षार गोळा करतात आणि मादीला नेऊन देतात, ते तिच्या अंड्यांच्या कामी येतात.

"एवढासा जीव बायकोसाठी मीठ नेतो," ते म्हणाले, "तू काय नेतोस रे?"

मी कोपऱ्यावरून वडापाव नेतो म्हणालो. त्यावर ते हसले, आणि मग थाळीतले खडे एकेक करून सारखे करत बसले. काकूंची आठवण आली की ते असंच हाताला काम लावत.

त्या पट्टीत आमचीही एक वस्तू होती. आमच्या खिडकीला ऊन नाही म्हणून बायकोने कढीपत्त्याची कुंडी खाली नेऊन ठेवली होती, लिंबाच्या मागे, भिंतीशी. कुंडीतून माती गळून फरशी लाल होते अशी सेक्रेटरींची तक्रार आली, तेव्हा मीच बाजारातून कुंडीखाली ठेवायला एक खोलगट ताटली आणली. कढीपत्त्यावर फुलपाखरांच्या अळ्या झाल्या आणि त्यांनी निम्मं झाड खाल्लं. बायको ओरडायला खाली गेली आणि काकांशी वाटणी करून वर आली. वरची पानं आमच्या फोडणीला, खालची अळ्यांना.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय त्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीला काका गावी जायचे, दरवर्षी पाच दिवसांत परत. पावसाळ्यात थाळी भरू नये म्हणून ती पट्टीच्या तोंडाशी, पार्किंगच्या पत्र्याखाली सरकवलेली असायची. त्या वर्षी त्यांच्या भावाने नवस बोलला होता, म्हणून घरचा गणपती एकवीस दिवसांचा होता. वर पावसाने ओढ दिलेली, उन्हाचा चटका लागत होता. मी म्हटलं, रोज सकाळी मी शिंपडतो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं सोनंनाणं सांभाळायला मागितलं होतं. तू पाणी ओतशील, म्हणाले. मग मला वाईट वाटलं असेल असं वाटून सारवासारव केली, तुला ऑफिस असतं, कशाला त्रास. बायकोने विचारलं तर तिलाही हेच उत्तर. आणि निघायच्या सकाळी, सामान रिक्षात ठेवून झाल्यावर, ते मागे गेले आणि त्यांनी थाळी काठोकाठ भरून ठेवली.

जन्मभर ज्याने पाणी नको म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लं, त्याने. कोणाच्या हातावर विश्वास नव्हता म्हणून.

काकांना गावी जाऊन दोन आठवडे झाले असतील, बायकोला ताप भरला. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि तिला दाखल करावं लागलं. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून होतो तेव्हा इकडे महापालिकेची माणसं सोसायटीत तपासणीला आली. मागच्या पट्टीत शिरल्या शिरल्या त्यांना पत्र्याखालची ती थाळी दिसली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या, फुलपाखरांच्या नव्हे, डासांच्या. त्यांनी त्या जमलेल्या सगळ्यांना दाखवल्या, थाळीतलं पाणी ओतून टाकलं, सोसायटीला नोटीस दिली. हवं ते समोरच सापडलं होतं, त्यामुळे लिंबाच्या मागे कोणी गेलं नाही. शेजारच्या बांधकामावरच्या पिंपातही अळ्या सापडल्या असं वॉचमनने मला फोनवर सांगितलं, पण सोसायटीत बोलणं झालं ते थाळीचंच.

काका परत आले त्या दुपारी मी वॉर्डाबाहेर उभा होतो. लिफ्टमधून ते बाहेर पडले, प्रवासाच्याच कपड्यांत, हातात गावच्या गोड खाज्याचा पुडा. वॉचमनने त्यांना गेटवरच सगळं सांगितलं होतं. आत चला म्हटलं तर आले नाहीत. दाराच्या काचेतून त्यांनी बायकोला पाहिलं. ती झोपली होती, हाताला सलाईन. काका एरवी माझ्याशी मुंबईचं मराठी बोलायचे. फार आत लागलं की मात्र त्यांची बोली गावाला जायची.

"माझ्याकडसून झालां," ते म्हणाले.

मी म्हटलं, असं कसं म्हणता, डास काय नाव सांगून चावतो? बांधकामावरच्या पिंपातही अळ्या होत्या.

"त्यांच्यात असतील रे," ते म्हणाले. "माझ्यातही होत्या ना."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पण खरं सांगतो, तोंडाने मी जे बोललो ते माझ्या मनात नव्हतं. त्या आठवड्यात मला कोणावर तरी राग काढायचा होता आणि काका आयते समोर उभे होते, मान खाली घालून. मी त्यांना दोष दिला नाही, पण त्यांनी स्वतःला दिलेला काढूनही घेतला नाही. खाज्याचा पुडा माझ्या हातात देऊन ते जिन्याने उतरून गेले.

त्या संध्याकाळी ते टॉर्च घेऊन मागच्या पट्टीत बराच वेळ फिरत होते असं वॉचमनने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आलो, तेव्हा थाळी आपल्या जुन्या जागी, लिंबाखाली, पालथी घातलेली होती. आतल्या माती-मिठासकट.

बायको बरी होऊन घरी आली. सगळे भेटून गेले, काका आले नाहीत. दारात नारळपाणी मात्र रोज यायचं, बेल न वाजवता ठेवलेलं. जिन्यात समोरासमोर आलो की ते भिंतीला लागून उभे राहायचे, अंगावर रंग सांडलेल्या माणसाने दुसऱ्याला वाट द्यावी तसे. आणि एकच प्रश्न विचारायचे, बाय बरी आहे ना? ती ऑफिसला जायला लागली, पूर्वीसारखी जोरजोरात बोलायला लागली, तरी प्रश्न तोच.

आणि मग त्यांचे रविवार सुरू झाले. सकाळी टॉर्च घेऊन ते प्रत्येक दाराची बेल वाजवायचे. फ्रिजच्या मागचा ट्रे बघू का? एसीखाली बादली ठेवलीय का? मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी कधी बदललं? पहिल्यांदा लोकांना कौतुक वाटलं, मग वैताग आला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी त्यांना दारातूनच सुनावलं, काका, आधी स्वतःचं बघायचं होतंत. मी तेव्हा वरच्या जिन्यात उभा होतो. काका म्हणाले, "हो ना. म्हणूनच आलोय," आणि फ्रिजचा ट्रे दाखवायला सांगितला. बाईंनी ट्रे दाखवला.

गच्ची झाली, जिने झाले, की शेवटी ते मागच्या पट्टीत जायचे. तिथे काय करायचे ते आम्ही कधी पाहिलं नाही. थाळी पालथी पडलेली होती. बाग अजून होती, फुलपाखरं घाणेरीवर येऊन जात, पण ती सकाळची दाटी नव्हती. काका कोणाला खिडकीतून खाली बोलवत नव्हते. मूठ उघडून दाखवत नव्हते. 'ओल हवी' हे वाक्य सोसायटीतून गेलंच.

थंडीत माझ्या बायकोला ते सहन होईना. एका सकाळी ती खाली गेली, मूठभर माती घेतली, त्यावर पाणी शिंपडून नीट कालवली आणि तशीच मूठ आवळून दोन जिने चढून काकांच्या दारात गेली. मी मागे होतो. काकांनी दार उघडल्यावर तिने मूठ त्यांच्या समोर धरली.

"बघा काका," ती म्हणाली. "जमली का?"

काकांनी बघितलं. थेंब पडत नव्हता. त्यांचा हात थोडा पुढे आला, तिच्या मुठीपर्यंत पोचला नाही.

"जमली," ते म्हणाले. "चांगली जमली. पण तू नको सांगू गो बाय. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मांडली असती मी थाळी. तू सांगितलंस तर नाही जमणार."

तिने घरी येऊन हात धुतले. रात्री जेवताना एवढंच म्हणाली की मला बरं वाटलंय हे त्या माणसाला पटवायला मी आणखी काय करू. मी त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोलायला हवं होतं. पण आपल्या मनातला राग कधी गेला, की गेलाच नाही, हेच मला नीट माहीत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यानंतर काकांचे गुडघे फारच दुखायला लागले. गावी भाऊ एकटा होता. जागा भाड्याने देऊन ते गावी गेले. जाताना त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. रविवारी एक चक्कर मारत जा रे, म्हणाले, विशेषतः मागे. मी हो म्हटलं. टॉर्च आणून कपाटाच्या खणात ठेवला आणि खण लावला. तुम्ही असता तर कदाचित तुम्हीही तेच केलं असतं, पण त्याने मला आज बरं वाटत नाही.

मग परवाचा रविवार. बायको कढीपत्ता आणायला खाली गेली होती. कुंडीपर्यंत पोचायला मध्ये थाळीची अडचण होत होती म्हणून तिने ती पालथी थाळी उचलून बाजूला ठेवली. खाली थाळीच्या आकाराची लाल मातीची वडी होती, काकांनी घातली होती तशीच. आणि ती ओली होती. आजूबाजूची सगळी जमीन वाळून पांढरी पडलेली, पण थाळीने झाकलेली ती माती आतून गार होती. बायकोने ती मुठीत घेऊन दाबली आणि मला खालून हाक मारली, काका मारायचे तशी.

मी खाली जाईपर्यंत दोन पिवळी आली होती. थोड्या वेळाने निळ्या पट्ट्यांचं एक आलं. मग मोजत कोण बसतं. पंख मिटून सगळी त्या मातीला चिकटली, जणू कालच उठून गेली होती.

फोन लाव, बायको म्हणाली. व्हिडिओ लाव.

काका अंगणात बसले होते. वाळले होते बरेच. पहिला प्रश्न तोच, बाय बरी आहे ना? बायकोने फोन मातीकडे वळवला आणि मग सगळं सांगितलं. थाळी उचलली, खाली ओल होती, तुमचीच माती आहे काका, तुमचंच मीठ. एवढे महिने तिथेच होती. काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला होता, नुसता एक डोळा आणि चष्म्याची कड दिसत होती. मला वाटलं रडतात. आता हा माणूस सुटला, असं माझ्या मनात आलं आणि मला फार हलकं वाटलं.

"रे," ते म्हणाले, "मागे ती कढीपत्त्याची कुंडी दिसते. खालच्या ताटलीत पाणी आहे बघ."

मी वळून पाहिलं. ताटली भरलेली होती. रोज कुंडीला घातलेलं पाणी गळून गळून काठाला आलेलं.

"ओततो आत्ता," मी म्हटलं.

"ओत. मी दर रविवारी ओतायचो."

"आमची ताटली?"

"हो रे. तुमची."

मी अगदी सहज विचारलं, केव्हापासून. काका जरा थांबले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस थांबतो तसे.

"गावाहून आलो ना, त्या संध्याकाळपासून."

त्या संध्याकाळी बायको हॉस्पिटलमध्ये होती. काका टॉर्च घेऊन मागे फिरत होते. कुंडी तिथेच होती, आणि तिच्याखाली मी आणलेली ताटलीही तिथेच होती. काकांच्या थाळीत अळ्या होत्या म्हणून पुढे कोणी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते एकट्या काकांनी, आणि त्यानंतर त्यांनी वर्षभर बेल न वाजवता नारळपाणी ठेवलं होतं, जिन्यात भिंतीला लागून उभे राहिले होते.

बायकोच्याही ते लक्षात आलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग फोन जवळ घेतला.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी आमच्या ताटलीत अळ्या होत्या का?"

"बाय गो," काका म्हणाले, "ती फुलपाखरां परत दाखव बघया."

तिने फोन पुन्हा ओलीवर धरला. मी मागे गेलो आणि कुंडी तिरकी करून ताटली ओढून काढली. तळाशी बारीक बारीक काहीतरी वळवळत होतं. फोनमध्ये दिसणार नाही अशा बेताने मी भिंतीकडे तोंड करून पाणी तापलेल्या फरशीवर ओतलं, आणि बराच वेळ चपलेने ते पसरवत राहिलो.